सोलापुरात बसून तुलनात्मक राजकारण

प्रश्न मंगळवेढ्याकडच्या एका मुलीचा आहे. बी.ए. राज्यशास्त्र घेऊन झालं, आता सोलापुरात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "तुलनात्मक राजकारणाच्या पेपरला मी गाईडमधून इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, स्वित्झर्लंड अशा एकेका देशाच्या नोट्स काढल्यात. पाठ करते, लिहिते, मार्कही पडतात. पण यात तुलना नेमकी कुठे आहे? पुस्तकं सगळी इंग्रजी, माझं शिक्षण मराठीत. पुण्याला जायला हवं होतं का? आणि पुढे याचा उपयोग काय?"

हा विषय मी बरीच वर्षं शिकवते आहे. पहिल्या प्रश्नावर जास्त बोलते, कारण तो सुटला तर बाकीचे निम्मे सुटतात.

तुझी शंका रास्त आहे. चार देशांची माहिती एकापाठोपाठ एक लिहिली तरी ती माहितीच राहते. हा अभ्यास नावापुरताच तुलनात्मक आहे, पश्चिम युरोपातल्या राज्यघटनांची वर्णनं म्हणजे तुलना नव्हे, हा आक्षेप रॉय मॅक्रिडिस यांनी 1955 मध्येच घेतला होता. तरी गाईडं अजून त्याच साच्यात निघतात, कारण देशवार नोट्स छापायला सोप्या आणि तपासायला त्याहून सोप्या.

पहिला बदल वहीत कर. पानाच्या वर देशाचं नाव लिहू नकोस, प्रश्न लिही. उदाहरणार्थ: वरिष्ठ सभागृहातून राज्यांना केंद्राला अडवता येतं का? अमेरिकेत कॅलिफोर्निया असो की वायोमिंग, सिनेटमध्ये प्रत्येकी 2 जागा. आपल्या राज्यसभेत उत्तर प्रदेशला 31, महाराष्ट्राला 19, सिक्कीमला 1. जर्मनीच्या बुंडेसराटमध्ये राज्यांची सरकारंच येऊन बसतात, प्रत्येकाला 3 ते 6 मतं, आणि एका राज्याची मतं एकगठ्ठाच टाकावी लागतात. ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात प्रदेशांना म्हणून प्रतिनिधित्वच नाही. हे एका पानावर आलं की आपल्याकडचा मुद्दा डोळ्यात भरतो. राज्यसभेवर निवडून यायला त्या राज्याचं रहिवासी असण्याची अट 2003 च्या दुरुस्तीनं काढून टाकली. मग तो खासदार राज्याचा प्रतिनिधी की पक्षाचा? आता तुला जर्मनीचं पान का वाचायचं ते कळलेलं असतं, आणि ते लक्षातही राहतं.

आता घरातलं उदाहरण घेऊ. सोलापूर लोकसभा, 2019. पानटपरीवर अजूनही ऐकू येतं की आंबेडकरांनी मतं खाल्ली म्हणून शिंदेसाहेब पडले. आकडे बघ. भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी सुमारे 5 लाख 25 हजार, काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे 3 लाख 66 हजार, वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर 1 लाख 70 हजार. शिंदे आणि आंबेडकर यांची बेरीज होते 5 लाख 36 हजार, म्हणजे विजयी उमेदवारापेक्षा जास्त. गणित जुळलं, टपरीवरची चर्चा इथे संपते.

वर्गातली चर्चा इथून सुरू व्हायला हवी. असा दुसरा दाखला मिळतो का, की ज्यात बाकीचं बरंचसं तेच आहे, पण आंबेडकर नाहीत? मिळतो. 2014. मतदारसंघ तोच, सीमा त्याच, काँग्रेसचे उमेदवारही तेच. वंचित बहुजन आघाडीची तर तेव्हा स्थापनाही झाली नव्हती. त्या वर्षी भाजपच्या शरद बनसोडेंना सुमारे 5 लाख 18 हजार आणि शिंदेंना 3 लाख 68 हजार मतं पडली. फरक दीड लाखाचा.

म्हणजे मतं खाणारं कुणी नसतानाही पराभव झाला आणि जवळपास तेवढ्याच फरकानं झाला. शिंदेंची स्वतःची मतं पाच वर्षांत जेमतेम दोनेक हजारांनी हलली. जॉन स्टुअर्ट मिलची फरकाची पद्धत म्हणून जे पाच मार्कांना पाठ करतेस, त्याचा खरा वापर हा: ज्याला कारण म्हणतोय ते काढून घेतलं तर परिणाम नाहीसा होतो का? इथे झाला नाही. "मतविभागणीमुळे पराभव" हे विधान लगेच खोटं ठरत नाही, पण लंगडं नक्की होतं.

आता थांबायचं नाही, उलट्या बाजूनंही बघायचं. 2014 ला मोदी लाट होती, तेव्हाच्या पराभवाचं कारण ते असू शकतं आणि 2019 चं दुसरं. एकच परिणाम दोन वेगळ्या वाटांनी येऊ शकतो. शिवाय ते 1 लाख 70 हजार आले कुठून? 2014 मध्ये पहिल्या दोघांची मिळून मतं 8 लाख 86 हजार होती, 2019 मध्ये पहिल्या तिघांची 10 लाख 61 हजार. मतदानच वाढलं होतं. कदाचित आंबेडकरांची मतं बरीचशी नवी असतील. कदाचित काँग्रेसची जुनी मतं वंचितकडे गेली आणि काँग्रेसला तेवढीच दुसरीकडून मिळाली. एकूण बेरजांवरून यातलं कुठलंच सिद्ध होत नाही. समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीच्या वागण्याचा निष्कर्ष काढता येत नाही, हे समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी 1950 मध्ये दाखवून दिलं होतं आणि आपल्याकडे प्रत्येक निकालाच्या रात्री टीव्हीवर ते विसरलं जातं. त्यासाठी मतदारालाच विचारावं लागतं, म्हणून लोकनीतीसारख्या संस्था मतदानानंतर सर्वेक्षण करतात. त्या कामाला प्रश्नावली घेऊन फिरणारी मुलं लागतात, ती बहुतेक वेळा राज्यशास्त्राच्या वर्गातूनच निवडली जातात. संधी आली तर सोडू नकोस. अमुक वस्तीतली बाई नवऱ्यासमोर काय उत्तर देते आणि तो आत गेल्यावर काय, हे संशोधनपद्धतीच्या पुस्तकातून कळत नाही.

2024 ला याच मतदारसंघातून प्रणिती शिंदे निवडून आल्या. आता तीन निवडणुका झाल्या, पण बदललेल्या गोष्टी किती बघ: उमेदवार, शिवसेना आणि राष्ट्रवादीतली फूट, मराठा आरक्षणाचं आंदोलन, शेतमालाचे भाव, वंचितची घटलेली ताकद. दाखले तीन आणि कारणं डझनभर. राज्यशास्त्रज्ञ लाइपहार्ट यांनी 1971 च्या लेखात तुलनात्मक पद्धतीची हीच मुख्य अडचण सांगितली आहे: चल (म्हणजे बदलणारे घटक) जास्त, दाखले कमी. तो लेख जड वाटत असेल तर आधी हे तीन निकाल कागदावर मांड आणि मग वाच.

याच निकालाला दुसरा प्रश्न विचार: निवडणूक पद्धत वेगळी असती तर? त्यासाठी एक मतदारसंघ पुरत नाही, अख्खा महाराष्ट्र घ्यावा लागतो. 2019 ला राज्यात वंचितला जवळपास 7 टक्के मतं मिळाली आणि स्वतःची एकही जागा नाही. काँग्रेसला साधारण 16 टक्के आणि 48 पैकी 1 जागा. जर्मनीसारखी प्रमाणशीर पद्धत, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, आणि 5 टक्क्यांचा उंबरठा, म्हणजे त्याहून कमी मतांना जागा नाही, असं लावलं तर वंचितच्या तीनेक आणि काँग्रेसच्या सात-आठ जागा होतात. मुलं इथे पेन खाली ठेवतात. ठेवू नये, कारण पद्धत बदलली की मत देणाराही बदलतो. "मत वाया जाईल" या धास्तीनं जो आज मोठ्या पक्षाला मत देतो, तो उद्या देणार नाही. दुव्हर्जे यांनी ज्याला मानसिक परिणाम म्हटलं तो हाच. मग खरंच पद्धत बदललेला देश शोध. न्यूझीलंडनं 1993 मध्ये सार्वमत घेऊन आपल्यासारखी पद्धत सोडली आणि 1996 ला पहिली निवडणूक मिश्र प्रमाणशीर पद्धतीनं घेतली. आधीच्या आणि नंतरच्या संसदेत किती पक्ष होते आणि सरकार कसं बनलं, ते बघ. शेजारच्या नेपाळनं 2015 च्या घटनेत 275 पैकी 165 जागा थेट आणि 110 प्रमाणशीर ठेवल्या. गाईडमध्ये नेपाळ नसतो, पण मला विचारशील तर सोलापूरच्या विद्यार्थ्याला स्वित्झर्लंडपेक्षा नेपाळ जास्त शिकवून जातो.

एक सावधगिरी. दोन ठिकाणी एकच शब्द वापरतात म्हणून वस्तू एकच असते असं नाही. सोलापूर महापालिकेची 2017 ची निवडणूक बहुसदस्यीय प्रभागांनी झाली. जपानमध्येही 1994 च्या सुधारणेआधी बहुसदस्यीय मतदारसंघ होते आणि तिथल्या सत्ताधारी पक्षातले गट त्यावर पोसले गेले, असं पुस्तकात वाचायला मिळतं. लगेच एक विद्यार्थी निबंध लिहून आणतो: सोलापुरातली गटबाजी आणि जपानची गटबाजी, कारण एकच. पण पद्धत आतून कशी चालते ते बघ की. जपानमध्ये जागा तीन ते पाच आणि मतदाराला मत एकच. त्यामुळे एकाच पक्षाचे उमेदवार एकमेकांच्या ताटातलं ओढायचे. आपल्या प्रभागात अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा, प्रत्येक जागेला वेगळं मत आणि प्रत्येक जागेवर पक्षाचा एकच उमेदवार. इथे चौघं एकत्र पत्रक छापतात आणि "चारही बटणं आपलीच" म्हणून फिरतात. एकच नाव, आणि पक्षावर होणारा परिणाम जवळजवळ उलटा. गटबाजी आपल्याकडेही आहेच, पण ती तिकीटवाटपाच्या वेळी असते, तिचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल. संकल्पना ताणून नको तिथे बसवण्याच्या या खोडीवर सार्तोरी यांनी 1970 मध्ये जो लेख लिहिला, तो एम.ए. संपायच्या आत एकदा तरी मुळातून वाच.

आता पुण्याचं. आधी विषयाच्या बाजूनं सांगते, मग पैशाच्या.

सोलापूरकडे तुलनेसाठी जे आहे ते पुण्यात नाही: सीमा. डॅनियल पॉस्नर यांचा 2004 चा एक अभ्यास आहे. आफ्रिकेत मलावी आणि झांबिया यांच्यातली रेषा ब्रिटिशांनी आखली. दोन्ही बाजूंना चेवा आणि तुंबुका याच जमाती. मलावीत त्या एकमेकींच्या राजकीय विरोधक, झांबियात सहकारी. भाषा तीच, चालीरीती त्याच, मग फरक कशाचा? पॉस्नर यांचं उत्तर असं की मलावीत दोन्ही जमाती देशाच्या मानानं मोठ्या आहेत, सत्तेसाठी त्यांना गोळा करणं परवडतं. झांबियात त्या इतक्या लहान की एकत्र राहण्यातच हित.

आता आपल्याकडे बघ. भीमेच्या दोन्ही अंगांना कन्नड-मराठी मिसळून बोलणारी गावं, दोन्हीकडे लिंगायत समाज, दोन्हीकडे मठ. 1956 ला राज्य पुनर्रचना झाली, विजापूर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, सोलापूर मुंबई राज्यात राहिला. कर्नाटकच्या राजकारणात लिंगायत हा मोठा आणि निर्णायक गट. निजलिंगप्पांपासून येडियुरप्पा, बोम्मईंपर्यंत कितीतरी मुख्यमंत्री त्या समाजातले. महाराष्ट्रात एकही नाही, कारण राज्याच्या पातळीवर संख्या लहान. तर मग सीमेच्या या बाजूचा आणि त्या बाजूचा लिंगायत मतदार समाज म्हणून मत देतो का, सारखंच देतो का? याच्याइतका चांगला लघुप्रबंधाचा विषय मला तरी माहीत नाही, आणि तो एसटीच्या तिकिटात होतो.

गावं मात्र विचारानं निवड. सगळे आधी अक्कलकोट आणि आळंद घेतात, कारण शेजारी-शेजारी आहेत. पण आळंद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि अक्कलकोट हे स्वतःच संस्थान. म्हणजे 1956 च्या आधीचा इतिहासच वेगळा. उद्या फरक सापडला तर तो राज्याच्या रेषेमुळे की निजामामुळे, हे सांगता येणार नाही. त्यापेक्षा दक्षिण सोलापूर आणि विजापूर जिल्ह्यातलं इंडी घे. दोन्ही आधी मुंबई इलाख्यात, एकाच महसूल पद्धतीखाली, एकाच सरकारच्या हाताखाली होते. वेगळं झालं ते 1956 ला. जास्तीत जास्त सारखे दाखले निवडायचे आणि एकच गोष्ट वेगळी ठेवायची, असं पुस्तक म्हणतं ते हेच. पूर्ण सारखं काही नसतं. पाणी, कारखाने, दोन राज्यांतले पक्ष हे सगळे फरक नोंदवून ठेवावे लागतील. सीमावादाचा भावनिक भाग बाजूला ठेवून काम करायचं, हेही आलंच. महाजन आयोगाच्या 1967 च्या शिफारशींवर चहाच्या टेबलावर भांडण होतं, प्रबंधात करू नये.

ज्या घरात कन्नड किंवा तेलुगू बोलतात, त्या मुलांना हे मी मुद्दाम सांगते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर घरातली मुलगी तेलंगणातल्या विणकरांशी दुभाष्याशिवाय बोलू शकते आणि इकडच्या यंत्रमाग कामगारांशीही. असं भांडवल पुण्या-मुंबईच्या प्राध्यापकांकडेही सहसा नसतं. आपल्याकडे मात्र तिला एवढंच सांगितलं जातं की तुझं मराठी सुधार.

पैशाच्या बाजूनं बोलायचं तर पुण्यात ग्रंथालय मोठं, व्याख्यानं जास्त, वर्गातली मुलंही वेगवेगळ्या भागातून आलेली. वसतिगृह आणि शिष्यवृत्ती पदरात पडत असेल तर जावं, नक्की जावं. हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ आणि जेएनयू यांचाही विचार करता येतो, प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून. पण दोन वर्षं कॉट बेसिसवर राहून, मेसच्या बिलासाठी पार्टटाइम काम करून तिथेही गाईडच वाचायचं असेल, तर त्यापेक्षा सोलापूर बरं. तू एव्हाना इथे प्रवेश घेतलेला आहेस. मधेच सोडू नकोस, पीएच.डी.च्या वेळी बाहेर पडायचं बघ, तेव्हा जागेनं जास्त फरक पडतो.

इंग्रजीबद्दल खोटा दिलासा देत नाही. नेटची, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेची, प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत येते. यूपीएससी मुख्य परीक्षेत उत्तरं मराठीत लिहिता येतात, पण प्रश्न इंग्रजी किंवा हिंदीतच वाचावे लागतात. या विषयातलं गेल्या पन्नास वर्षांतलं महत्त्वाचं बहुतेक लेखन मराठीत आलेलंच नाही. तेव्हा वाचण्यापुरतं इंग्रजी हवंच. बोलण्याचं नंतर बघू. पुस्तकापासून सुरुवात करू नकोस, लेखापासून कर. आधी पहिली दोन पानं आणि शेवटची दोन पानं वाच. मग अर्ध्या पानावर मराठीत लिही: याचा प्रश्न काय, कुठले दाखले घेतले, तेच का घेतले, उत्तर काय. "तेच का घेतले" हे लिहिता आलं नाही तर लेख समजलेला नाही, परत जा. मधली आकडेमोडीची पानं पहिल्या वाचनात सोडली तरी चालतात. आठवड्याला एक लेख पुष्कळ झाला. उत्तर मराठीत लिहिताना संज्ञा मराठीत लिही, पण वहीच्या मागे तिचा इंग्रजी जोडीदार नोंदवून ठेव, नाहीतर नेटच्या वेळी ओळखीची गोष्टही परकी वाटते.

लेख मिळत नाहीत ही सबब आता चालत नाही. कॉलेजकडे एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ई-पुस्तकं आणि नियतकालिकांची सोय) असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन माग. बऱ्याच मुलांना ते असतं हेच माहीत नसतं. शोधगंगेवर प्रबंध मोफत आहेत, जगभरच्या घटना 'कॉन्स्टिट्यूट' या संकेतस्थळावर मोफत आहेत, आणि तिथे कलम विषयानुसार शोधून दोन देश शेजारी ठेवता येतात.

उपयोगाचं थोडक्यात. सहायक प्राध्यापकाची कायम जागा मिळणं अवघड आहे. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली कितीतरी मुलं तासिका तत्त्वावर खेटे घालताहेत. तेवढ्या एका आशेवर दोन वर्षं घालवू नकोस. स्पर्धा परीक्षा देणार असशील तर यूपीएससीच्या राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध या वैकल्पिक विषयाच्या दुसऱ्या पेपरात तुलनात्मक राजकारण येतं आणि नेटच्या दहा घटकांपैकी एक घटक पूर्ण तोच आहे. याशिवाय सर्वेक्षण संस्था, पत्रकारिता, आमदार-खासदारांच्या कार्यालयातलं संशोधनाचं काम, धोरणावर काम करणाऱ्या संस्था. यातल्या प्रत्येक ठिकाणी माहिती किती पाठ आहे हे कुणी विचारत नाही. आकडे समोर टाकतात आणि म्हणतात, सांग यातून काय निघतं.

म्हणून या सेमिस्टरच्या अंतर्गत मूल्यमापनाला गाईडमधला विषय घेऊ नकोस. तुझ्याच पंढरपूर-मंगळवेढा विधानसभा क्षेत्राचे 2019 आणि 2024 च्या लोकसभेचे केंद्रनिहाय निकाल घे. ते फॉर्म 20 या नावानं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर असतात. ओळखीची दहा गावं निवड, दोन्ही वर्षांची मतं शेजारी मांड आणि मतं सगळ्यात जास्त कुठे हलली ते शोध. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: दोन निवडणुकांत मतदान केंद्रांचे क्रमांक बदलतात, नवी केंद्रं होतात, जुनी जोडली जातात. क्रमांकावर क्रमांक ठेवलास तर एका गावाची मतं दुसऱ्या गावाच्या नावावर चढतील. आधी केंद्राच्या शाळेचं नाव जुळव, मग आकड्यांना हात लाव.